पणजीत कॉकटेल बारमध्ये पहिल्यांदा जाताना

कुडाळला आमच्या घरी मे महिन्यात कोकमं फोडून साखरेत मुरवत ठेवायचे. सरबत ढवळलं की आजी पहिला घोट स्वतः घ्यायची, क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "मीठ कमी पडलं." मग चिमूटभर मीठ पडायचं आणि तेच सरबत अचानक वेगळं लागायचं.

खूप वर्षांनी पणजीत एका बारच्या काउंटरवर बसले होते. समोरच्या मुलानं माझ्या पेल्यात स्ट्रॉ बुडवली, वरचं टोक बोटानं दाबून तिच्यात अडकलेले दोन थेंब जिभेवर सोडले, आजीसारखाच क्षणभर थांबला आणि मिठाच्या पाण्याच्या छोट्या बाटलीतून तीन थेंब आत टाकले. त्या दिवसापासून मला या जागांचं दडपण वाटेनासं झालं. हे स्वयंपाकघरच आहे, फक्त ओटा गिऱ्हाइकाच्या समोर आणलेला आहे.

हा लेख महाराष्ट्रातून गोव्याला येणाऱ्या आणि अशा बारमध्ये कधीच न गेलेल्या माणसासाठी आहे. परमिट रूम माहीत असते, किनाऱ्यावरचा शॅक माहीत असतो, पण कॉकटेल बारचा मेन्यू हातात आला की गडबड होते. नावं अनोळखी, दर जास्त, आणि विचारलं तर आपण अडाणी दिसू ही भीती. आमटीत गूळ कमी पडला की चिंच जास्त झाली हे ज्याला एका घोटात कळतं, त्याला कॉकटेलही कळतं. उरतात त्या व्यवहाराच्या गोष्टी, त्या ओळीनं सांगते.

आधी जागा आणि वेळ ठरवा

कॉकटेल बार म्हणजे नेमकं काय? लिंबाचा रस बाटलीतला नाही, त्याच दिवशी पिळलेला. साखरेचा पाक, मसाल्याचे अर्क, लोणच्याचं पाणी तिथेच बनवलेलं. मद्य मापानं ओतलेलं. बर्फाकडेही घटक पदार्थ म्हणून पाहिलेलं. आणि खायला शेंगदाणे-चकल्यांचा चखणा नव्हे, तर त्या भागातली मासळी, भाज्या, मिरच्या वापरून केलेले ताजे छोटे पदार्थ. किनारपट्टीवर असे बार बरेच आहेत, पण पहिल्यांदा जायचं तर मी पणजीच सुचवेन. शहर चालत फिरण्याएवढं आहे, आवाज कमी आहे आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या बऱ्याच जागा बंद असतात तेव्हाही पणजी चालू असते.

फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत जोसेफ बार नावाची जुनी, अगदी चिंचोळी तावेर्न, म्हणजे छोटं मद्यालय, आहे. फेणीची ओळख करून घ्यायला ती उत्तम. ग्रामोफोनच्या तबकड्या लावणारा फॉर द रेकॉर्ड, जुन्या काळच्या थाटाचा मिगेल्स, दोनापावलाचा आउटरिगर, अशी प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. निघण्यापूर्वी फोन करून चालू आहे ना ते विचारा. काही जागांना आठवड्यात एक दिवस सुट्टी असते.

शनिवारी रात्री नऊ वाजता पहिली भेट ठरवू नका. मंगळवार ते गुरुवार, संध्याकाळी सातच्या सुमारास जा. त्या वेळी बारटेंडरला बोलायला सवड असते, आणि या सगळ्या खटाटोपातली खरी मजा त्या बोलण्यातच आहे. फोनवर जागा राखताना स्पष्ट सांगा, "काउंटरवर दोन जागा हव्यात, आम्ही पहिल्यांदाच येतोय." हे सांगण्यात कमीपणा नाही. उलट तुमच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. स्वच्छ कपडे आणि बंद चपला किंवा बूट पुरतात. समुद्रावरून ओल्या चड्डीत, वाळूच्या पायांनी तेवढं जाऊ नका.

वयाचा पुरावा जवळ ठेवा. गोव्यात मद्यपानासाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. काही जागा स्वतःचा नियम म्हणून २१ खालच्यांना आत घेत नाहीत. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, कडक मद्याला २५ आणि वर पिण्याचा परवाना, असा कायदा आहे. गोव्यात असा वैयक्तिक परवाना लागत नाही.

पोटात काहीतरी घालून निघा, आणि परतीचं आधी ठरवा

दुपारी चारला जेवलेलं पोट रात्री आठला रिकामंच असतं. निघताना एखादं केळं, दोन पोळ्या, दहीभात, काहीही खा. सोबत पाणी प्या.

परतीचा प्रवास पहिला पेला ओठाला लावण्याआधी ठरलेला असावा. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, टॅक्सी आहेत, आणि पिवळ्या-काळ्या रंगाच्या मोटारसायकलवाल्यांना इथे पायलट म्हणतात. पण रात्री उशिरा यातलं काहीच हाताशी असेल याची खात्री नसते. म्हणून ज्या टॅक्सीनं जाल त्याच चालकाशी परतीची वेळ बोलून घ्या, किंवा चालत जाता येईल असं राहण्याचं ठिकाण निवडा. भाड्याची स्कूटर त्या रात्री हॉटेलातच राहू द्या. मोटार वाहन कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. एका कॉकटेलनं तुम्ही ती मर्यादा ओलांडूही शकता. हिशेब पुढे देते.

बायकांसाठी एक स्वतंत्र गोष्ट. मी एकटी जाते, आणि एकटीनं जायचं तर काउंटर हीच सर्वांत निवांत जागा आहे. बारटेंडर समोर असतो, पेला नजरेसमोर भरला जातो, आणि कोणी नको तितकं बोलू लागलं तर एक नजर पुरते. कोपऱ्यातलं टेबल मला कधीच सुरक्षित वाटलं नाही. पेला सोडून उठावं लागलं तर परत आल्यावर तो पिऊ नका, नवा मागवा. त्याचे पैसे गेले तर जाऊ द्या.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं

काहीही न मागवता बसा. पाणी येईल, ते प्या. काउंटरवर काय काय मांडलंय ते बघा. कोकमाची फुलपात्रं, आलं, तिरफळं, बिंबलं ही आंबट फळं, ओल्या मिरच्या, सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्या. जिथे हे दिसतं तिथे ताजं काम चालतं. नुसत्या रंगीत बाटल्यांची रांग आणि फळांचे पॅकबंद डबे दिसले, तर अपेक्षा थोडी कमी करा.

बर्फही बघा. मोठा, काचेसारखा स्वच्छ तुकडा सावकाश वितळतो, म्हणजे पेय शेवटपर्यंत पाणचट होत नाही. भुसभुशीत लहान बर्फ भराभर विरघळतो, तो मुद्दाम पातळ करायच्या पेयांत वापरतात. बर्फाचं पाणी हा कॉकटेलचा चुकून घुसलेला भाग नाही. ढवळताना साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणी मिसळावं अशीच योजना असते. तसं नसतं तर नुसतं मद्य जिभेला चटका देऊन गेलं असतं.

समोरच्या माणसाला हाक कशी मारायची हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. चुटकी नको, "ए भाऊ" नको, "वेटर" नको. नाव विचारा आणि नावानं बोला. जुन्या तावेर्नमध्ये मालकाला "पात्रांव" म्हणतात, तिथे तो शब्द शोभतो. काम झाल्यावर कोंकणीत "देव बरें करूं" म्हणा. चेहरा खुललेला दिसेल.

मेन्यू वाचायचा कसा

इथे घाई करू नका.

मेन्यूतली नावं सोडून द्या. ती गोड, गमतीशीर, कधी गावांची, कधी पक्ष्यांची असतात, त्यातून चव कळत नाही. खालची बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा. आंबट काय आहे? गोड काय आहे? मूळ मद्य कोणतं? जगातली निम्मी कॉकटेल या तिघांच्या तोलावर उभी आहेत. क्युबातलं डायकिरी घ्या, रम, लिंबू, साखर. संपलं. लिंबू सरबतात पाण्याच्या जागी रम ओतली असं समजा. म्हणून आंबट कॉकटेलांची ही शाखा आपल्याला सर्वांत ओळखीची. पन्हं, कोकम सरबत, आवळ्याचं सरबत ज्याला आवडतं त्यानं पहिलं पेय इथूनच निवडावं. शेकरमध्ये जोरानं हलवून, वर फेसाचा थर घेऊन येतं ते याच शाखेतलं.

दुसरी शाखा नुसत्या मद्यांची. नेग्रोनी हे त्याचं ठळक उदाहरण. जिन, गोड व्हर्मूथ (मसाल्यांची वाइन) आणि कँपारी (कडवट लाल मद्य) समान मापात, ३०-३०-३० मिली. फळाचा रस नाही, म्हणून ते हलवत नाहीत, चमच्यानं ढवळतात. कडवट लागतं, कारल्याच्या भाजीसारखी त्याची गोडी लागावी लागते. पहिल्या भेटीत पहिल्या पेल्याला हे नको, असं मी आग्रहानं सांगेन. कडवटपणा आवडू लागला की मात्र माणूस त्याच्याकडे परत परत येतो.

तिसरी शाखा उंच ग्लासातली. थोडं मद्य आणि वर सोडा, टॉनिक किंवा आल्याचं पेय. हलकी, गार, जेवणासोबत चालणारी. उकाड्यात गोव्याला याहून चांगलं काही नाही.

आणि चौथा एक प्रकार हल्ली सगळीकडे दिसतो, दुधानं निवळलेलं पंच. नाव ऐकून लोक घाबरतात, पण कृती घरचीच आहे. मद्य, लिंबू, मसाले, साखर यांचं मिश्रण दुधात ओततात. लिंबामुळे दूध नासतं, त्याचा चोथा तुरटपणा आणि रंग स्वतःत ओढून घेतो, मग फडक्यातून गाळलं की खाली पाण्यासारखं नितळ पेय उतरतं. पनीर करताना आपण निवळी टाकून देतो, इथे निवळीच प्यायची. घोट अतिशय मऊ असतो. हा मऊपणा फसवाही आहे, कारण मद्य तेवढंच असतं आणि जाणवत नाही.

पंच हा शब्दच आपल्या 'पाच'वरून गेला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. मद्य, लिंबू, साखर, पाणी, मसाला, हे पाच. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानं तिथले इंग्रज व्यापारी मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर एकत्र करून पितात असं लिहून ठेवलंय. म्हणजे हे सगळं परदेशातून आपल्याकडे आलेलं, आपण त्यात नवखे, असं मानायचं कारण नाही. ताडी-माडीपासून काढलेलं गोव्याचं अरक तर एके काळी इंग्लंडात पंच करण्यासाठी मागवलं जायचं.

एवढं वाचून झाल्यावरही ठरत नसेल तर मेन्यू मिटवा आणि बारटेंडरला चवीच्या भाषेत सांगा. "आंबट आवडतं, फार गोड नको, थोडी मिरची चालेल." किंवा "सोलकढी आवडते, त्या अंगानं काही आहे का?" 'काहीतरी छान द्या' याचा उपयोग होत नाही, आणि 'सर्वांत स्ट्राँग कोणतं' हा प्रश्न तर विचारूच नका. चांगल्या बारमध्ये त्या प्रश्नानंतर तुमच्याशी बोलण्यातला रस कमी होतो, आणि मला तो राग समजतो.

शाकाहारी असाल तर हे विचाराच

याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. आंबट कॉकटेलवर जो पांढरा दाट फेस असतो तो बऱ्याचदा कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. मेन्यूत लिहिलेलं असेलच असं नाही. अनेक जागी त्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी वापरतात, त्याचाही तसाच फेस येतो. "अंड्याशिवाय करता येईल का?" एवढं विचारायचं. ब्लडी मेरीत वुस्टरशायर सॉस पडतो आणि पारंपरिक वुस्टरशायरमध्ये मासळी असते. 'फॅट वॉश' असं लिहिलेलं दिसलं तर मद्य कुठल्या तरी चरबीसोबत मुरवून, गोठवून, गाळलेलं आहे असं समजा. ती चरबी लोणी, खोबरेल किंवा तूप असू शकते, तशीच डुकराचीही. विचारा. बदामाची ॲलर्जी असणाऱ्यांनी 'ओर्जा' या शब्दाकडे लक्ष ठेवावं, तो बदामाचा पाक आहे.

खाण्यातही तसंच. गोव्यातले क्रोकेट बहुतेकदा गोमांसाचे असतात, चोरिस म्हणजे गोव्याचं सॉसेज डुकराचं. मिरचीची भजी मासळी तळलेल्याच तेलात तळलेली असू शकतात. एकदा एका जागी मला खात्रीनं "पूर्ण व्हेज" म्हणून दिलेल्या ताटलीत सुक्या सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, चुरा निघाला. मी मासे खाते म्हणून निभावलं, सोबतची मैत्रीण खात नव्हती, तिची संध्याकाळ तिथेच संपली. तेव्हापासून मी "व्हेज आहे का?" असं विचारत नाही. "यात अंडं, मासळी, सुकी मासळी, मटण यातलं काही आहे का?" असं एकेक नाव घेऊन विचारते.

फेणीपासून सुरुवात का

गोव्यात येऊन स्कॉच पिण्यात मला काही हशील दिसत नाही. इथे जिन बनतं, ग्रेटर दॅन आणि स्ट्रेंजर अँड सन्स दोन्ही इथलीच. कुंकळ्ळीला पॉल जॉनची व्हिस्की गाळतात. पण गोव्याच्या मातीचा वास ज्याला आहे ती फेणी, आणि तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

काजूची बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलेलीच वेचतात. ती तुडवून, दाबून रस काढतात. दाबताना शेवटी आपसूक ठिबकतो तो नीरो, ताजा असताना नुसताच प्यावा असा. रस दोन-तीन दिवस आंबला की भट्टीवर चढतो. पहिल्या धारेला उतरतं ते हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचं, हलकं, फळाच्या वासाचं. ते पुन्हा गाळलं की फेणी, ४२.८ टक्के. हुर्राक टिकत नाही, त्यामुळे ते फेब्रुवारी-मार्च ते मे एवढंच मिळतं. बाटली हलवली की वर येणाऱ्या फेसावरून जुने लोक कडकपणा जोखायचे आणि 'फेणी' हा शब्दही त्या फेसावरूनच आला असं सांगतात. दक्षिण गोव्यात माडीपासूनही फेणी काढतात. ती जास्त मवाळ, नारळाच्या अंगाची.

काजू फेणीचा वास पहिल्यांदा अंगावर येतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पिकलेलं, उग्र, थोडं रबरासारखं. फणसाचा वास घरभर सुटल्यावर काहींना तो सहन होत नाही आणि काही जण सुरी घेऊन धावतात, तसंच आहे हे. आधी बारटेंडरकडे चमचाभर फेणी मागून नुसता वास घ्या, ओठाला लावा. चांगल्या जागी ते आनंदानं देतात. मग तीच फेणी लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि सोडा घालून प्या, किंवा कोकमासोबत. कोकमाचा आंबट-तुरटपणा फेणीच्या उग्रपणाला नेमका आवरतो. एकाच झाडीतली, एकाच लाल मातीतली, एकाच उन्हाळ्यातली ही दोन फळं पेल्यात भेटली की त्यांची जुनी ओळख असल्यासारखी वागतात. माझं या मिश्रणावर मनापासून प्रेम आहे.

काय खायचं, कशासोबत

छोट्या ताटल्या येतात, म्हणून एकदम मागवू नका. दोन मागवा, संपत आल्यावर पुढच्या.

ऋतू बघून मागवा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताजा इसवण (सुरमई) मेन्यूवर दिसला तर कुठला ते विचारायला हरकत नाही. त्याऐवजी खाडीतल्या तिसऱ्या, कालवं, नदीतली मासळी आणि सुक्या सुंगटांची किसमूर मागवा. खोबरं, कांदा, कोकम घालून कालवलेली किसमूर हा जगातल्या कुठल्याही बारमध्ये मानानं वाढावा असा पदार्थ आहे. पावसाळ्यात अळंबी, फागलां (कर्टोली), टाकळा मिळतात. मार्चपासून ओल्या काजूबिया, मग मानकुराद आंबा, करवंदं, जांभळं. चांगला बार ही फळं आतल्या ओट्यावरही आणि बाहेरच्या काउंटरवरही वापरतो, म्हणजे जे करवंद तुमच्या पेल्यात आहे त्याचीच चटणी ताटलीत असते. असं दिसलं की ती जागा लक्षात ठेवा.

जोड्या लावताना दोनच गोष्टी सांभाळा. तळलेल्या, तेलकट पदार्थासोबत आंबट आणि सोडा असलेलं पेय. रव्यात तळलेला बांगडा किंवा रिशॉइश (सारण भरून तळलेली करंजीसारखी) खाऊन कोकम-फेणीचा घोट घेतला की तोंड पुन्हा कोरं होतं. चोरिस-पावासोबतही हेच, कारण चोरिसात चरबी, मिरची आणि माडाच्या व्हिनेगरचा आंबटपणा सगळंच भरपूर असतं. दुसरं, तिखटासोबत कडक पेय टाळा. शागुती किंवा रेशादसारख्या मसालेदार पदार्थावर नेग्रोनीसारखं जड पेय घेतलंत तर मिरचीची आग वाढते, मद्याचीही. तिथे हलकं, किंचित गोड, उंच ग्लासातलं घ्या. मांसमच्छी न खाणाऱ्यांनी अळंबीची शागुती, तोणाक, खतखतें या भाज्या-कडधान्यांच्या पदार्थांच्या अंगानं केलेलं काही आहे का ते विचारावं. सोबत पोय हा गोव्याचा पाव मागा, कोंड्याची, पोकळ, गरम. तिनं पोटाला आधार मिळतो.

पेगचा हिशेब

हा भाग जरा कोरडा आहे, पण वाचा. ४२.८ टक्क्यांच्या मद्याच्या ३० मिलीत, म्हणजे एका छोट्या पेगमध्ये, साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ते उतरवायला शरीराला ढोबळ मानानं एक तास लागतो. बहुतेक कॉकटेलांत ६० मिली मद्य असतं, म्हणजे २० ग्रॅम. वर सांगितलेल्या नेग्रोनीत जिन ३० मिलीच, पण कँपारी आणि व्हर्मूथ धरून बेरीज पुन्हा २० ग्रॅमजवळच जाते. म्हणजे एक कॉकटेल म्हणजे दोन छोटे पेग, दोन तासांचं काम. गोड आणि गार असल्यामुळे ते पंधरा मिनिटांत संपतं, घोटाळा तिथे होतो.

माझा नेम असा. संध्याकाळी दोन कॉकटेल, मध्ये एक मद्य नसलेलं पेय, आणि प्रत्येक पेल्यामागे एक ग्लास पाणी. मद्य नसलेली पेयं या बारमध्ये तेवढ्याच मेहनतीनं बनवतात. आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस), आलं, माडाचा गूळ, ओवा, तिरफळ यांची करामत बघायची तर तिथेच. ज्याला गाडी चालवायची आहे, जो औषधं घेतो आहे, जी गरोदर आहे किंवा ज्याला पिणं नकोच आहे, त्यांनीही बिनदिक्कत काउंटरवर बसावं आणि "दारू नको, पण आंबट-तिखट काहीतरी करून द्या" असं सांगावं. सोबतच्यांनी अशा माणसाला आग्रह करू नये.

पेय आवडलं नाही तर? एक-दोन घोट घेऊन लगेच, शांतपणे सांगा. "मला जरा गोड वाटतंय." बहुतेक वेळा बारटेंडर ते सुधारून देतो. अर्धा पेला पिऊन तक्रार करणं बरोबर नाही.

बिल

पणजीत एका कॉकटेलला साधारण ५०० ते ८०० रुपये पडतात. दोघांची दोन-दोन पेयं आणि तीन-चार ताटल्या धरून निघा. बिलात खाण्यावर जीएसटी लागतो, स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये तो सहसा ५ टक्के असतो. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा कर वेगळा दिसू शकतो. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. नको असेल तर काढायला सांगता येतं. मी मात्र समोरच्या माणसानं वेळ दिला असेल तर वेगळी टिप त्याच्या हातात देते, आणि कोणतं पेय आवडलं ते नाव घेऊन सांगते.

सोबत काय न्यायचं

फेणी आवडली की बाटली घेऊन जावीशी वाटते. गाडीनं परतणार असाल तर थांबा. गोव्यात विक्रीसाठी असलेलं मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते. फेणीबद्दल अजून जाणून घ्यायचं असेल तर कांदोळीला 'ऑल अबाऊट अल्कोहोल' हे संग्रहालय आहे, तिथे जुनी भांडी, काचेचे मोठे बुधले, मापं बघायला मिळतात. 

बाटलीऐवजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा आणि आगळ, तिरफळं, काणकोणची खोला मिरची, माडाचा गूळ आणि माडाचं व्हिनेगर घ्या. याला कोणी अडवत नाही.

घरी उंच पेल्यात २० मिली आगळ, २० मिली गुळाचा पातळ पाक, अर्ध्या लिंबाचा रस, मध्ये उभी चिरलेली एक हिरवी मिरची. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून घालण्याआधी चाखा. दोन ठेचलेली तिरफळं टाका, पण त्यातलं काळं बी आधी काढून टाका. पेला बर्फानं काठोकाठ भरा, कमी बर्फ लवकर वितळतो. सोडा सर्वांत शेवटी, पेला तिरका धरून कडेकडेनं ओता, आणि चमचा एकदाच तळापासून वर ओढा.